एक्क्याण्णव मुली

मंगळवार, संध्याकाळ

चैन पडत नाही. उद्याच्या लेझीमसाठी मुली एक्क्याण्णव. दोन, तीन, पाच, कशानंच भाग जाईना. म्हटलं, मूळ संख्या, सारख्या रांगा व्हायच्याच नाहीत. म्हणून शेवटच्या सानिकाला काढलं.

"बाई, माझी पावलं चुकली व्हय?"

"नाही गं, आकडा जुळत नाही."

तिनं लेझीम माझ्या हातात दिली.

घरी येताना पिशवीतली ती लेझीम खड्ड्याखड्ड्याला वाजत होती. आणि एकदम आठवलं, तेरा सत्ते एक्क्याण्णव! सातानं भागून बघायला काय झालं होतं मला? आणि म्हणे गणिताची बाई!

लगेच सानिकाच्या घरी फोन केला. तिची आई म्हणाली, "आवं बाई, ती गेली की मामाकडं विट्याला. हितं बसून बघवंल व्हय तिला?"

पिशवी कुठंही सरकवली तरी वाजतेच आहे.