डाव्या सीटवरचा राखाडी माणूस

अंजनगाव सुर्जी,
मंगळवार

देवीदासभाऊ यांस शालिकरामचा रामराम.

तब्येत कशी आहे? गुडघा कसा आहे? वैनीची शुगर कशी आहे? अकोल्यात ऊन लय तापून राहिलं म्हणतात, तर डोक्याले दुपट्टा बांधल्याबिगर बाहेर निघत नका जाऊ. आमच्याकडे समदे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहून टाकतो. तुमची बहीण शकुन खुशाल आहे. तुमची भाची वर्षाली गरजेपेक्षा जास्त खुशाल आहे. मी तेवढा नाही. फोन काहून नाही केला म्हणान, तर शकुन फोन स्पीकरवर ठेवल्याबिगर मले बोलूच देत नाही, अन् मले जे सांगायचं आहे ते या घरात कोणाच्या कानावर पडलं तर माही काही खैर नाही. म्हणून हे पत्र शेजारच्या पुंजाजीच्या हातानं पाठवून राहिलो. तो बसनं अकोल्याले निघालाच आहे.

वर्षाली अमरावतीच्या कारखान्यात पंपाचे भाग कम्प्युटरवर काढते, हे तुमाले माहीत आहे. त्याले कॅड म्हणतात. तर पंप काढता काढता पोरीनं एक मोटार काढली. काढली तर काढली, मी म्हटलं सुरेख आहे, भिंतीले लावू. पण मंग एक दिवस ट्रान्सपोर्टवाला खोकेच्या खोके उतरवून गेला, अन् आमच्या शेडमंधी जिथी झेंडूचे ढीग पडायचे तिथी चाकं, स्प्रिंगा, स्टेअरिंग अन् भंगारातल्या एका बापड्या गाडीचं इंजिन येऊन पडलं. याले किट म्हणतात. म्हणजे गाडी आणायची त्याईच्याकडून, जोडायची आपण, अन् जिवाचं काही बरंवाईट झालं तर तेही आपलंच. (मी हे बोललो तर शकुन म्हणे, अपशकुनी बोलू नका.)

पयला धक्का मले टेलरच्या टेपानं देल्ला. पोरगी टेप घेऊन आली अन् माहं माप घेऊ लागली. मले वाटलं दिवाळीचा सदरा. (तुमच्या बहिणीलेही तेच वाटलं, तिनं बाह्या लांब ठेव म्हणून सांगतलं.) मांडी किती, हात किती, बसल्यावर टाळू कुठवर येते, समदं घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, कम्प्युटरमंधी गाडीच्या डाव्या सीटवर एक राखाडी माणूस बसून राहिला! डोक्यावर केस नाही, आंगावर कपडा नाही, मिशी नाही, पण पोट माहं. खांद्याचा वाकही माहा. मी इचारलं, हा कोण बाप्पा? तर म्हणते, बाबा, हे तुमीच. अन् एक बटन दाबलं अन् गाडीसकट मले नेऊन भिंतीवर आपटलं. देवाशपथ सांगतो भाऊ, माही मान लुळी पडलेली मी माह्या डोळ्यानं पाह्यली. छाती लालभडक झाली. पोरगी शांतपणे म्हणते, इथी पट्टा जरा वर घ्या लागते. पट्टा वर घेतला अन् मले पुन्हा आपटलं. चहा पिता पिता बापाले आपटून राहिली! तेव्हापासून माह्या छातीत नेमकं त्याच जागी दुखते. डॉक्टर म्हणते काही नाही. डॉक्टरनं कुठं पाह्यलं?

गाडीचा सांगाडा सूर्यभानकडून जोडून घेतला. हा सूर्यभान ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवते, अन् त्याच्या हातून दुसरं काही बनतच नाही. वर्षालीनं त्याले नकाशा देल्ला, बारीक बारीक नळ्यांचा. त्यानं हो हो म्हणून मान हलवली अन् ट्रॉलीच्या जाडजूड पट्ट्या टाकल्या, वरून मागच्या बाजूले हूकही लावून देल्ला. त्याचं म्हणणं, मागं हूकच नाही तर अशी गाडी घेऊन माणसानं करायचं काय? पोरीनं समदं कापाले लावलं अन् समोर उभी राहून नकाशाप्रमाणे पुन्हा जोडून घेतलं. (मले त्या जाड पट्ट्या आवडल्या होत्या. मी हळूच म्हटलंही, राहू दे ना माय. कोणी ऐकलं नाही.) आता माहा जीव अन् डांबर यांच्यामंधी सायकलच्या दांड्याएवढी नळी आहे. अन् गाडी एवढी बुटकी झाली का तिच्यात बसायचं नाही, निजायचं. रस्त्यावरचं कुत्रं आपल्याले वरून पाहीन.

मागच्या शुक्रवारी पूजा केली. शकुननं चाकाखाली लिंबं ठेवली, समोर नारळ ठेवला, अन् नारळ फोडायच्या आधीच हळदीकुंकवाच्या गडबडीत वर्षालीले म्हणे, घे गाडी पुढं. ट्रॅक्टर असता तर नारळ खालून सुखरूप निघून गेला असता. ही बुटकी! नारळ पोटाखाली अडकला अन् असा कडाकड आवाज झाला का मले वाटलं नळ्या मोडल्या, संपलं. मी जे बोंबललो, ते शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले, त्याईले वाटलं आग लागली. मी तवर शेडच्या बाहेर, बाभळीच्या मागं. आता तुमची बहीण समद्या सोयऱ्याईले सांगून राहिली का गाडीत पोरगी होती अन् बाप पळाला. तुमालेही सांगतलंच असन.

येत्या रविवारी कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात गाडी पयल्यांदा जोरात पळवायची आहे. (रस्त्यावर न्यायची परवानगी नाही. सरकारचे लय उपकार.) वर्षाली म्हणते, डाव्या सीटवर माणूस पाहिजे, नाहीतर वजन एका आंगाले जाते. मी म्हटलं, सोयाबीनचं पोतं ठेव, माह्याएवढंच भरते, पट्टाही चांगला बसन. ती म्हणते, पोतं बोलत नाही. मी म्हटलं, मीही बोलणार नाही. पण पोरगी ऐकत नाही भाऊ. मले जेवण जाऊन नाही राहिलं. सपनात मले मिशी नसते.

बाकी ठीक. वैनीले नमस्कार, लेकराईले आशीर्वाद.

तुमचा, रविवारपर्यंत तरी,
शालिकराम

ता. क. मुद्द्याचं राहूनच गेलं. वर्षालीचं जावळ काढलं तेव्हा ती कोणाच्या मांडीवर बसली होती? तुमच्या. कान टोचले तेव्हा? तुमच्याच. आपल्यात मामाचा मान मोठा, अन् तो मी कधी हिसकला नाही. मंग तिच्या पयल्या गाडीत पयले बसायचा मान बापानं घेतला तर चार लोक काय म्हणतीन? म्हणून रविवारी सकाळच्या बसनं येजा. नवे कपडे घालू नका. पोटभर खाऊनही येऊ नका.

आणखी एक ता. क. पुंजाजीचं जाणं उद्यावर गेलं, तर पुढचं ऐका. मी वर्षालीले सांगतलं का डाव्या सीटवर मामा बसतीन. मले वाटलं ती भांडन. ती बरं म्हणे, अन् कम्प्युटरवर मले सीटवरून उचलून बाजूले ठेवलं. तुमचं माप मागवते म्हणे. ती सीट रिकामी दिसली अन् भाऊ, मले कसंतरीच झालं. मी इचारलं, मामा चालन ना तुले? ती म्हणते, चालन, पण मामा भीत नाही, काही खडखडलं तरी हसत बसन. तुमी भेता, म्हणून बारीकसा आवाजही तुमाले समद्याईच्या आधी ऐकू येते. जिथी तुमी बोंबलान तिथी मी ब्रेक मारीन. त्याच्यासाठीच तर पयल्यापासून तिथी तुमाले बसवलं, बाबा. मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो. माही भीती कोणाच्या कामाची आहे, हे मले आजवर कोणी सांगतलं नव्हतं.

तर तुमी येऊ नका. मीच बसतो. फक्त एवढं करा, काहीतरी निमित्त काढून रविवारी शकुनले अकोल्याले बोलावून घ्या. मी पोटभर बोंबलणार आहे, अन् ते तिच्या कानावर नको.