भुजंगरावांचं खातं

३ फेब्रुवारी २००३, बदनापूर

पोहोचलो एकदाचा! साताऱ्याहून अंग आंबून गेलं होतं, पण स्टेशनसमोर गरम भजी मिळाली आणि गडी खूश. इथल्या बियाण्यांच्या कंपनीत जुन्या डोमेनमधली, म्हणजे जुन्या सर्व्हरच्या जाळ्यातली, त्रेचाळीस जणांची कॉम्प्युटरची खाती आणि त्यांचे गट नव्या डोमेनमध्ये हलवायचे आहेत. बदल्याच म्हणायच्या, फक्त माणसं जागेवर राहणार आणि नावं हलणार. आठ दिवसांत उरकून बेबीनंदाकडे परत. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही.

४ फेब्रुवारी

शी! त्रेचाळीसपैकी एकही जण स्वतःच्या नावाने काम करत नाही. सगळे भुजंगरावांच्या खात्यातून. हे गोदामाचे हेडक्लार्क, वारून तीन वर्षं झाली! टायपिस्ट कांताबाई म्हणाल्या, समदं त्यांच्याच नावानं बराबर उघडतं, मंग येगळं कशाला. त्यांचा कॉम्प्युटर तेव्हापासून बंदच केलेला नाही. रोज सकाळचा पहिला चहा त्याच्यापुढे ठेवतात आणि कप कुणी उचलत नाही. सायीवर हिरवी, केसाळ बुरशी. कीबोर्डच्या फटींत चघळलेली तंबाखू. बोटाच्या टोकाने बटणं दाबली आणि तीनदा साबणाने हात धुतले.

७ फेब्रुवारी

मेलेल्या माणसाचं खातं हलवणार नाही, असं मॅनेजर साहेबरावांना ठणकावलं होतं. पण भुजंगरावांच्या हक्कांशिवाय साठ्याची एक फाइल उघडेल तर शपथ! शेवटी आडवाट काढली. त्यांची जुनी ओळख माझ्याच नव्या खात्याला जोडली, चार दिवसांपुरती. फायली पटापट उघडल्या. कांताबाईंनी हात जोडले, मला नाही, स्क्रीनला.

८ फेब्रुवारी

उठलो तर तोंडात तंबाखूची चव. मी आयुष्यात कधी खाल्ली नाही. उशीवर तपकिरी, चिकट लाळ. भडाभडा ओकलो.

ऑफिसात कांताबाईंनी सकाळचा पहिला चहा माझ्यापुढे ठेवला.

१० फेब्रुवारी

ती जोड काढायला बसलो. यादीत धर्मराज, म्हणजे माझ्या, नावाचं खातंच नाही. माझा पासवर्ड टाकला की भुजंगराव उघडतात. जुन्या सर्व्हरवरून परत आणावं म्हटलं, तर साहेबरावांनी तो शनिवारीच भंगारात दिला. माझ्याच लेखी सूचनेवरून.

करंगळीचं नख वाढलंय, पिवळं. कापलं तर आतून तंबाखूचा चोथा निघाला—

११ फेब्रुवारी

तो चहा प्यालो. सायीसकट, बुरशीसकट. गोड लागला. स्वतःची घाण वाटते.

बेबीनंदाचा फोन आला. माझा आवाज ऐकून म्हणाली, काका, जरा ह्यांना बोलवता का.

१२ फेब्रुवारी

भीती वाटून राह्यली. आरशात बघत न्हाई. सगळे भुजंगराव म्हणून हाक मारतात आणि मी—ओ देतो.

१३ फेब्रुवारी

नंदा आलीय. कांताबाई तिला म्हणाल्या, ते साताऱ्याचे साहेब सोमवारीच गेले की. ती माझ्यासमोर आली, पदर सावरून वाकली आणि माझ्या पाया पडली. विचारलं, काका, जाताना ते काही बोलले का. तोंड उघडलं तर नुसता काळा चोथा, तिच्या पदरावर. तोंड फिरवून मागं सरली. माझ्या नंदाला माझी किळस—

अजून दारात उभी हाय. पदर धुऊन राह्यली. बोलता येत न्हाई तर वही दाखवायची. नाव वाचलं की ओळखंल. मोठ्या अक्षरात लिहितो—

नंदा, मी तुझा—

तुझा—