बारावी कादंबरी आणि सासूबाईंचं सूप

११ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! कादंबरी उघडली नाही तोच सासूबाई तांदूळ पाखडायचं सूप घेऊन समोर हजर. "मोठ्यानं वाच ना वो प्रेरणा! मनातलं मले का समजंल?" वर्षभर हाच छळ. बरं, ऐकून गप्प बसतील? छे! "या बाईले अक्कल नाही." "याले दोन ठेवून द्या लागते!" एवढ्या थोर लेखकांच्या पात्रांची ही खरडपट्टी! मनात वाचलं असतं तर कधीच संपलं असतं.

१२ नोव्हेंबर

आमच्या तालुक्याच्या गोरेगावातल्या वाचनालयाची पैज — वर्षात बारा जुन्या नामवंत कादंबऱ्या. मुदत या महिनाअखेर. आमचे इंद्रकुमार जेवता जेवता म्हणाले, "वाचून का कलेक्टर होनार हायेस?" आणि हसले. लग्नापायी माझं बी.ए. अर्धं राहिलं, तेव्हा नाही कोणाला काही वाटलं! हे मी अर्धं ठेवणार नाही म्हणजे नाही. अकरा झाल्या. बारावीचं एकच प्रकरण उरलंय.

१६ नोव्हेंबर

गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. घरभर पाहुणे. भज्यांची कढई चुलीवरून उतरली नाही. एक पान वाचलं नाही.

१७ नोव्हेंबर

पुस्तक नाही! उशाशी होतं. गाद्या झाडल्या, पेट्या उपसल्या — नाही म्हणजे नाही. मंडईला आलेल्या नणंदेला, चंदाबाईंना, सरळ विचारलं, पोरांनी तुमच्या थैलीत तर टाकलं नाही? त्यांनी सगळी थैली अंगणात उलटी केली. पोरांचे कपडे, जिलेबीचा पुडा. बस.

"एका पुस्तकापायी मले चोर केलं वो तू! आता तुमच्या मंडईले येनार नाही." न जेवता एस.टी.नं गेल्या. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. जीव नुसता जळत होता! सासूबाई मात्र सूप घेऊन आत गेल्या. पोटच्या पोरीचीही बाजू घेतली नाही.

२४ नोव्हेंबर

वाचनालयात दुसरी प्रत नाही. तिथले सुकरामभाऊ म्हणतात, "ताई, अकरा बी बहुत झाल्या." बहुत? अकराला बारा कोण म्हणतं!

३० नोव्हेंबर

संपली मुदत. वाचनालयाच्या फळ्यावर बारा पूर्ण करणाऱ्यांची नावं लागली, त्यात माझं नाव नाही. आज इंद्रकुमार हसले नाहीत. त्याचा तर जास्तच राग आला.

२ डिसेंबर

नवं धान भरायला बांबूची ढोली रिकामी करत होते. तळाशी, जुन्या धानात — पुस्तक! सासूबाईंच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

"कायले लपवलं?" भर अंगणात ओरडले मी.

त्या ढोलीला धरून उभ्या. "सरलं असतं त तू माह्यापाशी बसली असती का वो? दिवसभर या घरात माह्याशी बोलते कोन?"

आधी चंदाबाईंना फोन लावून सासूबाईंच्या हातात दिला, खरं काय ते त्यांनीच सांगावं म्हणून. मग बसले. शेवटचं प्रकरण वाचलं — मोठ्यानं, सावकाश.