डाव्या बाजूचं स्टिअरिंग

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. शेजारचा टायरवाला आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची जागा आणि गाडी दोन्ही घ्यायला तयार आहे, त्याला काय सांगू, असं तू विचारलं आहेस. ताई, तू परत येणार की नाही ते एकदाचं कळव, असंही लिहिलं आहेस. रागाचा शब्द त्यात नाही. पण पेन इतकं दाबून लिहिलं आहेस की कागदाच्या मागे अक्षरं उमटली आहेत. फोनवर उत्तर देता आलं असतं. फोनवर तू दर वाक्याला बरं बरं म्हणतेस, आणि मग मी मूळ गोष्ट सोडून हवापाण्याकडे वळते. म्हणून लिहायला बसले. आधी लायसन्सचं सांगते. तुझं उत्तर त्यातच आहे.

आपलं लायसन्स इथे, लेकीच्या देशात, पाहुण्यापुरतं चालतं. काही महिने खुशाल चालवा. त्याहून जास्त राहायचं असेल तर बदलून घ्या. काही देशांची कार्डं हे लोक नुसती बघून बदलून देतात. आपलं त्यात बसत नाही. आपण डोळे तपासून घ्यायचे, लेखी परीक्षा द्यायची, रस्त्यावर गाडी चालवून दाखवायची, आणि नवं कार्ड हातात घेताना जुनं त्यांच्याकडे जमा करायचं. दोन ठेवता येत नाहीत. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा जावई कांदा चिरत होता. तो म्हणाला, आई, म्हणजे तुम्ही परीक्षा द्यायची? मग घ्यायची कोणी? लेक म्हणाली, तू गप रे, तुला बसवेल आणि नापास करेल. मीही हसले. मला वाटलं, त्यात काय एवढं. अर्धं गाव माझ्या हाताखाली शिकलं. पोस्टमास्तर शिकले, दोन डॉक्टर शिकले, डावं-उजवं न कळणारा तो वकीलसुद्धा शिकला. नातीला पाळणाघरात सोडायला-आणायला उपयोग होईल, असं मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते. डोळे ठीक निघाले. लेखीत पास झाले.

मग गाडीत बसले. गाडी जावयाची, राखाडी, आतून नीटनेटकी. मी सवयीने डाव्या दाराने आत शिरले आणि समोर स्टिअरिंग. इथे रस्त्याच्या उजव्या अंगाने जायचं असतं, म्हणून चालवणारा डावीकडे बसतो. डावीकडची सीट म्हणजे माझी सीट, बारके. तुझे भाऊजी गेल्यावर शिकवण्यासाठी मी त्यांच्या त्या सीटवर बसले ती उठलेच नाही. ते होते तेव्हा कुठे जायचं तर गाडी ते चालवायचे आणि मी तिथेच बसायची. जग मला त्याच काचेतून दिसत आलं. इथे सीट तीच, फक्त रस्त्याची कड पलीकडे गेलेली, आणि हातात अचानक चाक. पायांचं आणखी वेगळं. आपल्या गाडीत माझ्या बाजूला क्लच होता, ब्रेक होता. रेस नव्हती. भाऊजींनीच तसं बसवून घेतलं होतं. शिकवणाऱ्याने थांबवायचं, पळवायचं ते शिकणाऱ्याने, असं म्हणायचे. ही गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, डावा पाय बेकार. उजवा पाय ब्रेकवर जाऊन बसला तो शेजारच्या रेसकडे सरकायला तयार होईना. लेकीला मागे बसवून गल्लीतून आम्ही अशा निघालो की मागून सायकलवर आलेली एक बाई आम्हाला ओलांडून गेली आणि जाताना तिने हात केला. मीही हात केला. लेक म्हणाली, आई, ती तुला ओळखत नाही. ती विचारते आहे, बंद पडली का म्हणून.

पहिली परीक्षा. परीक्षक उंच माणूस, गुडघे पुढे टेकतील एवढा उंच, सर्दी झालेला. तो माझ्या उजवीकडे बसला. आणि सगळं तिथेच बिनसलं. माझ्या उजवीकडे माणूस बसला की मी त्याचे पाय बघते. आधी पाय, मग हात, मग चेहरा, रस्ता सगळ्यात शेवटी. पुढे काय होणार ते रस्त्यावर दिसायच्या आधी शिकणाऱ्याच्या पायात दिसतं. हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल, तू जांभया दिल्या असशील. तर मी त्या माणसाचे पाय बघत होते. ते हलत नव्हते, म्हणून माझा जीव टांगणीला. एका चौकात त्याने बूट जरासा मागे ओढला आणि मी खाडकन ब्रेक दाबला. मागच्याने हॉर्न वाजवला. परीक्षकाच्या मांडीवरची पाटी खाली पडली. मी आपल्या भाषेत म्हणाले, काही होत नाही, श्वास घे, पहिला गिअर टाक आणि क्लच हळू सोड. त्याने विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, स्वतःला धीर देते आहे. पुढच्या वळणावर त्याने विचारलं, तुम्ही सारखं खाली काय बघता? मी खरं ते सांगितलं. तुमचे पाय. मग त्याने पाय आखडून सीटजवळ घेतले आणि म्हणाला, ऑफिसकडे वळवा. नापास. कारण दिलं, समोर लक्ष नाही. बरोबरच होतं. मीही हेच कारण दिलं असतं.

घरी हसून हसून लेकीच्या डोळ्यांतून पाणी. जेवताना जावयाने पाय वर खुर्चीत घेतले. म्हणाला, आई, मी फक्त जेवतो आहे, ब्रेक मारू नका. तू इथे असतीस तर तू सगळ्यांत मोठ्याने हसली असतीस.

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी लेक माझ्या शेजारी बसायला लागली. नात मागे, तिच्या खुर्चीत बांधलेली. गावाबाहेर एक बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या आवारात आम्ही फेऱ्या मारायचो. आई, समोर. आई, माझ्या पायाखाली काही नाही गं, नुसती चटई आहे. आई, रेस दे. दे ना. घाबरतेस कशाला, मोकळं मैदान आहे. आवाज हुबेहूब माझा. तिला मी शिकवत होते तेव्हाचं तुला आठवत असेल. एक दिवस ती पेट्रोल पंपापाशी गाडी सोडून रडत चालत घरी आली होती, आणि तू तिला ऑफिसात बसवून लिंबू सरबत दिलं होतंस. आई माझ्याआधी ब्रेक मारते, मग मी कधी मारायचा, असं ती तुला म्हणाली होती. इथे तिने त्यातलं काही काढलं नाही. एका सकाळी मात्र तिने नातीची दुलई ओढून घेतली आणि कमरेपासून खाली स्वतःवर पसरली. म्हणाली, आता बघ काय बघायचं ते. दुलईवर बदकं होती. एक-दोनदा बदकांकडे बघितलं. त्यांच्यावरून काही कळेना. मग नाइलाजाने समोर बघायला लागले. बारके, समोर बरंच काही असतं.

दुसऱ्या वेळी परीक्षक तोच निघाला. बसल्या बसल्या त्याने आपली बॅग पायांवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. परत आल्यावर तो म्हणाला, आज बरी चालवलीत. सर्दी गेली होती त्याची.

मग कार्ड घ्यायला खिडकीशी. आतल्या बाईच्या बोटाला पट्टी होती, टाइप करताना ते बोट ती वर धरत होती. नवं कार्ड तिने काचेपलीकडे ठेवलं आणि म्हणाली, जुनं द्या. मी जुनं काढलं. त्यावरचा माझा फोटो ओठ दाबलेला आहे, कारण फोटोवाल्याच्या मागे उभी राहून तू डोळे तिरळे करत होतीस. ते कार्ड दिलं की आपल्या गाडीत बसून मला शिकवता येणार नव्हतं. तिथे येऊन पुन्हा सगळं करायचं, आणि या वयात शिकवण्याचा परवाना कोण देतो? म्हणजे तू आज विचारतेस त्याचं उत्तर ती बाई माझ्याकडे तेव्हाच मागत होती. मी तशीच उभी. ती म्हणाली, विचार करायचा असेल तर जरा बाजूला व्हा, मागे रांग आहे. मी बाजूला झाले. लेक नातीला कडेवर घेऊन आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, आई, माझ्यासाठी देऊ नकोस. पुढच्या महिन्यापासून पाळणाघराची गाडी दारात येणार आहे, आमचं निभेल. मावशी तिकडे एकटी आहे. तुला जायचं असेल तर जा, मला वाईट वाटणार नाही. ती वरवरचं बोलत नव्हती. तिचं वरवरचं मला कळतं. नातीने तिचे केस धरले होते आणि ती मान वाकडी करून बोलत होती. मी पुन्हा खिडकीशी गेले आणि कार्ड दिलं. बाईने ते एका डब्यात टाकलं. आत आणखी कार्डं असावीत, आवाज कमी झाला. लेकीने तिथेच मला मिठी मारली. तिला वाटलं, मी तिच्यासाठी दिलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

आता रोजचं सांगते. सकाळी सगळे बाहेर पडले की गाडी माझी. जावई कामावर चालत जातो, त्याला पोट कमी करायचं आहे. मी दूध आणायला निघते. दुकान कोपऱ्यावर आहे, म्हणून मी पुलापलीकडून जाते. लाकडाच्या वखारीजवळ चढ लागतो. तिथे रेस दिली की गाडी पाठीला मागून हात लावते. उजवीकडची सीट रिकामी असते. पहिले काही दिवस मी तिकडे बघत होते. आता तिथे पिशवी ठेवते. कोणी चुकत नाही, कोणाला सांभाळायचं नाही, कोणी पास होणार नाही. परवा मी शेवटच्या घराच्याही पुढे गेले. तिथे डांबर संपतं आणि नुसती शेतं आहेत. खाली उतरले नाही. इंजिन चालू ठेवून थोडा वेळ बसले आणि परत आले. दूध घ्यायचं राहिलं. जावई म्हणाला, आई, दुकान बंद होतं का? मी म्हटलं, हो.

महिनाअखेरच्या रविवारी लेक तुला फोन करेल. म्हणेल, मावशी, आई आमच्यासाठी थांबली, तिच्यावर रागावू नकोस. ती मनापासून म्हणेल, कारण तिला तसंच वाटतं आणि मी ते खोडलेलं नाही. मग तुला काही बोलायला जागा उरणार नाही. लेकीसाठी, नातीसाठी थांबलेल्या बाईला कोण काय बोलणार? तू बरं बरं म्हणशील आणि फोन ठेवशील. ते मला नको होतं, म्हणून तिच्याआधी हे पत्र. तिने मला जा म्हटलं होतं. तू ये म्हणत होतीस. मी थांबले कारण मला इथे गाडी चालवायला आवडते. कारण फार हलकं आहे, मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांची स्कूल आणि तू, यांच्यासमोर ठेवावं असं ते नाही. पण दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. स्कूल आता तुझी. चालवायची असेल तर चालव, टायरवाल्याला द्यायची असेल तर दे, मी विचारणार नाही. हल्ली जो शिकवायला येतो त्याला तू माझ्या सीटवरची उशी देत नाहीस असं कळलं. दे त्याला. आणि राग येईल तो सगळा माझ्यावर काढ, माझ्या लेकीवर त्याचा शिंतोडाही नको. लोकांना तिचंच कारण सांग, ते ऐकायला बरं आहे. खरं तेवढं तुझ्याजवळ असू दे.

न येणारी, तरी तुझीच,
ताई