ते छप्पर नंतर कोणी दुरुस्त केलं?

तेनिवे, ता. १२ ऑक्टोबर १९९४

ती. ओतिलिया आत्यास,
अब्दोनचा प्रभूच्या नावे सा. सलाम, वि. वि.

पत्रास कारण की मी पोचलो. चार दिवस उशिरा पोचलो हे पास्टर ओसेआसनी तुला कळवलं असणारच, म्हणून मीच आधी कबूल करतो. फेरीबोटीवर एक माणूस डुकराचं वेगळं तिकीट काढून त्याला घेऊन चालला होता आणि डुकराला बोट लागली. त्या दोघांना घरी पोचवल्याशिवाय माझा पाय निघेना. पोचवलं तर तिथं त्याच्या बहिणीचे बटाटे लावायचे राहिले होते. ते असो.

इथलं आपलं प्रार्थनाघर म्हणजे लाकडी फळ्यांची एक खोली आणि वर टोपीसारखा मनोरा. ते पार खडकाच्या टोकाशी आहे. तिथं जायला गुडघाभर चिखल, आणि शेजार म्हणशील तर समुद्रपक्ष्यांचा. सभासद पास्टर धरून सहा, सगळ्यात तरुण अडुसष्टचे. वरच्या अधीक्षकसाहेबांचं पत्र आलंय की चार वर्षांत एकही नवा माणूस इथं टिकलेला नाही. ४ फेब्रुवारीला ते जातीनं येणार. तोवर कोणी टिकलेलं दिसलं नाही तर दाराला कुलूप, आणि सहाही जणांनी दर रविवारी होडीनं खाडीपलीकडच्या शहरात जायचं. फिदेलिना आजी एक्याऐंशीच्या. त्यांचे गुडघे होडीत चढू देत नाहीत. त्यांनी मला अगदी सहज सांगितलं की कुलूप लागलं तर माझे रविवार संपले. आणि लगेच विचारलं, बटाट्याची पोळी आणखी एक घेतोस का.

माणसं का टिकत नाहीत ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी आत गेलो तर मला पहिल्या बाकावर बसवलं, उभं केलं, नाव विचारलं, तीनदा देवाला गौरव म्हणून अशी आरोळी ठोकली की मी दाराकडे पाहिलं. मग स्वागतगीताची चार कडवी मॅन्डोलिनवर. मग सहाही जणांची मिठी. फिदेलिना आजींची मिठी तर बटाट्याच्या पोत्याखाली सापडल्यासारखी. संध्याकाळी तेच सहा जण पुन्हा बिऱ्हाडी हजर, मी टिकणार का ते पाहायला! पळालोच असतो, पण माझे बूट आजींच्या चुलीपाशी वाळत होते.

त्याच दिवशी पाऊस टाळायला म्हणून बाउदिलिओ मान्सिया नावाचा एक बैलवाला आत शिरला होता. त्याचंही असंच झालं. दुसऱ्या दिवशी सगळी वरात त्याच्या घरी गेली तेव्हा बायकोनं सांगितलं, ते अर्जेंटिनाला गेले. कोठीतून बटाटे गडगडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

आता नव्या माणसांचं खातं माझ्याकडे दिलंय. एक वही आणि प्रार्थनाघराची किल्ली. पास्टर म्हणाले, तुझ्या आत्यानं लिहिलंय की हा जन्मभर कुठं ना कुठं नवाच असतो, तर नव्या माणसाचं मन याच्याइतकं कोण ओळखणार. हे तू कौतुकानं लिहिलंस की कसं?

लोभ आहेच, तो या पावसात भिजू देऊ नये. लोकरीचे मोजे संपले.
तुझा,
अब्दोन


लोता, ता. २६ ऑक्टोबर १९९४

चि. अब्दोन यास,
ओतिलिया आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कौतुकानं लिहिलं नव्हतं. बेकरी सोडलीस, लाकडाची वखार सोडलीस, बसची कंडक्टरी तर चालू बसमधून उतरून सोडलीस. तुझा बाप म्हणतो याला देवाच्या कामाला लावणं म्हणजे मांजराला मासळीबाजाराची राखण देणं. मी तुझी बाजू घेतली आहे. माझं नाक तुझ्या हातात आहे एवढं ध्यानात ठेव.

तीन गोष्टी कर. वेळेवर दार उघड. नवा माणूस आला की त्याच्या शेजारी गुपचूप बस. आणि किल्ली कोणाच्या हातात देऊ नकोस. फिदेलिना बाईंसाठी रोज प्रार्थना करते आहे. तू त्यांच्यासाठी निदान घड्याळ बघ.

मोजे पाठवते आहे, दोन जोड. एक तुला, एक तू हरवशील त्याच्याऐवजी.
माया आहे, पण ती गृहीत धरू नये.
आत्या


तेनिवे, ता. २० नोव्हेंबर १९९४

ती. आत्यास,
अब्दोनचा सा. सलाम, वि. वि.

मोजे मिळाले. एकच जोड हरवला.

तिसऱ्या गोष्टीत चूक झाली, ती आधी सांगून टाकतो. दोन रविवारांमागं मी वेळेवर निघालो होतो. देवाशपथ. वाटेत एद्लिता भेटली. ही शाळेत मुलांसाठी जेवण रांधते. अंगानं उंच, आवाज त्याहून उंच. तिनं विचारलं, तुमच्यात नुसतं मागं बसलं तर चालतं का, मला मिठ्या मारलेल्या सोसत नाहीत. मी म्हटलं चालतं. तेवढ्यात खाली ओहोटीच्या चिखलात एक होडी कलंडलेली दिसली आणि तिच्यात एक कुत्रा होता. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, दार उघडा, चूल पेटवा, मी पाच मिनिटांत आलोच. कुत्रा चावरा निघाला. पाच मिनिटांचे दोन तास झाले.

इकडे एद्लितानं चूल पेटवली, पण नळकांड्यात पक्ष्याचं घरटं. सगळा धूर आत. बाउदिलिओ बैल घेऊन वरून चालला होता. त्याला वाटलं प्रार्थनाघर जळतंय! अर्जेंटिनाला गेलेला माणूस धावत आला, शिडी लावून छपरावर चढला. घरटं काढताना त्याला कुजलेल्या फळ्या दिसल्या, म्हणून तिथंच बसून ठोकत राहिला. खाली पास्टरांचं प्रवचन सुरू. विषय कोणता असावा? पक्षाघात झालेल्या माणसाला चौघा मित्रांनी छप्पर फोडून प्रभूपुढं सोडलं, तो.

प्रवचन संपल्यावर वरून डोकं आत आलं आणि विचारतं झालं, माणूस बरा झाला ते उत्तम, पण ते छप्पर नंतर कोणी दुरुस्त केलं? घरमालकानं पावसात काय करायचं?

आत्या, पास्टर ओसेआस चाळीस वर्षं प्रवचन देताहेत. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, पुढल्या रविवारी सांगतो. बाउदिलिओ पुढल्या रविवारी उत्तरासाठी आला. पास्टरांना ते सापडलं नव्हतं. त्याच्या पुढल्या रविवारीही आला, बायकोला घेऊन. आता तो घरी मार्कचं शुभवर्तमान पहिल्यापासून वाचतोय, कारण त्याचा पास्टरांच्या शोधण्यावर भरवसा नाही. एद्लिताही येते. तिला नुसतं मागं बसायचं होतं, पण दुसऱ्या कोणी चूल पेटवली की तिला ते बघवत नाही.

मी वहीत लिहिलं: मी असलो की माणसं पळतात, नसलो की टिकतात. पास्टरांनी ते वाचलं आणि उभं राहून देवाचे आभार मानले, की या तरुणाला तू काय पद्धत सुचवलीस. आता ठराव झालाय की ज्यानं एक तरी काम केलं त्यालाच मिठी, आणि तीही विचारून. फिदेलिना आजींना फार जड जातंय. त्या हात शालीखाली धरून बसतात.

लोभ उणा होऊ देऊ नये, किल्लीचं बाबांना सांगू नये.
अब्दोन


लोता, ता. ४ डिसेंबर १९९४

चि. अब्दोन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

हसून हसून माझी कणीक सांडली. पण ऐक. एकतीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आपल्या मंडळीत गेले तेव्हा गाणंबिणं कोणी म्हटलं नाही. एका बाईनं माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाली, बरं झालं आलीस, एवढे बटाटे सोल. ते बटाटे मी अजून सोलते आहे. तेव्हा तुझी पद्धत जुनीच आहे. पण ती बाई शेजारी बसून माझ्याबरोबर सोलत होती, कुत्र्यामागं गेली नव्हती. सोलता सोलता तिनं विचारलं, तुझं कसं चाललंय? मी रडले, आणि तिनं दुसरा बटाटा पुढं केला. काम दिलं म्हणजे झालं असं नव्हे रे. बाउदिलिओ मार्क वाचतो तर त्याच्या शेजारी बस. तुलाही कुठं सगळं माहीत आहे!

आणि फेब्रुवारीपर्यंत कुठंही जाऊ नकोस.
आशीर्वाद, आणि डोळे वटारलेलेही समज.
आत्या


तेनिवे, ता. १५ जानेवारी १९९५

ती. आत्यास सा. सलाम, वि. वि.

घाईत लिहितो. रोज संध्याकाळी बाउदिलिओच्या स्वयंपाकघरात आम्ही वाचतो. तो बोटानं ओळ धरतो, मी चुकीचे उच्चार करतो, त्याची बायको दोघांना हसते. परवा तो म्हणाला, तुमच्या प्रार्थनाघरात खोट नाही, ते चुकीच्या जागी आहे. पक्ष्यांना तारायचं असेल तर ठीक. तर आता ते उचलून वर शाळेपाशी, त्याच्या जमिनीच्या तुकड्यावर न्यायचं! इथं घरं अशीच नेतात. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, सगळं गाव दोर ओढतं. मालकानं घरोघरी जाऊन विनंती करायची असते. रीतीनं विनंती केली की नाही म्हणता येत नाही, आणि राबणाऱ्यांना पोटभर जेवू घालायचं. एरवी सफरचंदाची दारूही लागते. आपण ती देणार नाही, म्हणून पास्टरांना घोर की दारूशिवाय कोण येतंय. एद्लिता म्हणाली, माझं जेवण खाऊन शुद्ध हरपलेली माणसं मी दाखवते.

बैल ४ फेब्रुवारीलाच मोकळे आहेत आणि साहेबही ४ लाच येणार. म्हणून पास्टरांनी साहेबांना आठवडाभरानं यावं असं पत्र लिहून टाकायला माझ्याकडे दिलंय. हे झालं की मी मोकळा. ६ तारखेच्या बोटीनं पार दक्षिणेला जातो. तिथं मेंढ्या कातरायला माणसं हवीत म्हणे.

लोभाची दोरी सैल सोडू नये.
अब्दोन


लोता, ता. २४ जानेवारी १९९५

चि. अब्दोन यास आशीर्वाद.

साहेबांचं पत्र टाकलंस का? खिसे बघ. कोटाचे सुद्धा.
आत्या


तेनिवे, ता. ७ फेब्रुवारी १९९५

ती. आत्यास,
अब्दोनचा लाजून सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र ४ तारखेला सकाळी मिळालं. वाचलं आणि वही उघडली. साहेबांचं पत्र तिच्यात होतं, छान सपाट, कोरड्या जागी. तोवर साहेब होडीतून उतरले होते.

पुढचं मी साहेबांच्याच तोंडून नंतर ऐकलं. ते काळा सूट, टाय, चकचकीत बूट अशा थाटात चिखल तुडवत टोकाशी गेले, कुलूप बॅगेत घेऊन. तिथं प्रार्थनाघर नव्हतं. पायाचे चार खुंट होते आणि त्यातल्या एकावर कोंबडी. त्यांनी म्हणे कोंबडीलाच विचारलं. मग चिखलातले ओरखडे पाहत वर आले, तर वळणावर आपलं प्रार्थनाघर भर रस्त्यातून चाललेलं! पुढं बैलांच्या सहा जोड्या, दोन्ही बाजूंना साठ-सत्तर माणसं दोर धरून, आणि आतून मॅन्डोलिन वाजतंय. फिदेलिना आजींनी उतरायला साफ नकार दिला होता. हा बाक माझ्या नवऱ्यानं घडवलाय, तो जाईल तिथं मी जाईन, आणि गुडघ्यांना यापेक्षा चांगली गाडी कुठली मिळणार, असं त्यांचं म्हणणं.

चढावर सगळं अडलं होतं. बाउदिलिओ साहेबांना ओळखत नव्हता. त्यानं दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि खेकसला, अहो बूटवाले, लग्नाला निघालात का, ओढा की! साहेबांनी ओढलं. दुसऱ्या झटक्याला एक बूट चिखलानं ठेवून घेतला. मी त्यांना सांगायला धावलो, तर ते धापा टाकत म्हणाले, नंतर सांग, आधी धर. मी त्यांच्या मागं धरलं. तीन वाजता प्रार्थनाघर शाळेपाशी बसलं. आजी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, फार छान रस्ता होता.

जेवणं झाल्यावर सगळे आत शिरले. जागा पुरेना, खिडक्यांतून डोकी. साहेबांनी बॅग मांडीवर घेतली आणि पास्टरांना सांगितलं, आता नव्या माणसांना उभं करा, मला मोजायचीत. पास्टरांनी विचारलं, नवं कोण आहे, उभं राहावं. कोणी उठेना. आत्या, कोणीच उठेना! एद्लिता म्हणाली, मी कशी नवी, चूल माझी आहे. बाउदिलिओ म्हणाला, हे घर माझ्या बैलांनी ओढलंय, नवा तुमचा बाप. साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात फिदेलिना आजींनी काठी उचलली आणि साहेबांवरच रोखली, की हा एकटाच आज पहिल्यांदा या जागी आलाय. आणि काम केलंय, म्हणजे मिठी बसते. मग काय! चारही कडवी. तीन आरोळ्या. आजींचे अडीच महिन्यांचे साठलेले हात सुटले. साहेब एका बुटावर उभे होते.

शांत झाल्यावर बाउदिलिओ आपण होऊन उठला. टोपी हातात. म्हणाला, पास्टर, त्या छपराचं मला कळलं. ते त्या चौघांनीच दुरुस्त केलं. एवढं पदरात पडल्यावर कोण तसंच सोडून जाईल. आणि जो बरा झाला ना, त्यानं शिडी धरली असणार. मग म्हणाला, माझं नाव लिहा. बायकोचंही. एद्लिता ओरडली की माझं काय, मी काय धूर आहे? पास्टरांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि तिन्ही नावं लिहिली. डोळे पुसत होते.

साहेबांनी जाताना सांगितलं, कागदावर बंद करायचं प्रार्थनाघर खडकाच्या टोकाचं आहे, आणि तिथं तर फक्त कोंबडी आहे. कुलूप फिदेलिना आजींनी मागून घेतलं, खुराड्याला.

काल माझी बोट होती. पिशवी भरून दारात ठेवली होती, तर बाउदिलिओ आला. स्वच्छ शर्ट, टोपी काढलेली. बसला नाही. रीतीनं विनंती करायला आलो म्हणाला. ओढताना छपराच्या फळ्या सरकल्यात, गळतंय, मी वर चढतो, खाली शिडी धरायला एक माणूस हवा. ते शिडीचं त्यानं मुद्दाम म्हटलं का, हे मला अजून कळलेलं नाही. पण इथं रीतीनं विनंती केली की नाही म्हणता येत नाही.

बोट गेली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. खाडीत कसला तरी मोठा पक्ष्यांचा थवा उतरला होता. सगळे बघायला धावले. मी मान वळवून पाहिलं, पण हात सोडले नाहीत.

कळावे. माया आहे तशीच ठेवावी आणि बाबांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं. मोजे पाठवणार असलीस तर हिवाळ्याचे पाठव.
तुझा,
अब्दोन