टिल्लूच्या अंगातलं बनियन

अहो,

मी सावनेरले भावाकडं चालली, उद्या दुपारी येतो. टिल्लू ऑपरेशनचे टाके चाटून राहिला होता, म्हणून तुमचं जुनं बनियन कापून त्याले अंगरखा शिवला. चिडू नका. शेपटीजवळच्या नाड्या ढिल्या झाल्या तर त्याले मांडीवर घेऊनच बांधा, उभ्यानं तो बांधू देत नाही.

सहा वाजता पुण्याहून साहिलचा व्हिडिओ कॉल येईल. दोन वर्षं झाली, तुम्ही बापलेक बोलले नाही. तो रोज फक्त टिल्लूचंच विचारते. पण काल म्हणे, "आई, हे बाबाचं बनियन होय न?" मंग मले टिल्लूले कॅमेऱ्याच्या आणखी जवळ धराले लावलं.

माझा फोन घरीच ठेवून चालली, आज तुम्ही उचला. बोलायचं नसंल तर नका बोलू. फक्त टिल्लूले मांडीवरून उतरवू नका.