साडूचा डीलर आणि माझी कॅरी-इन वॉरंटी

३ ऑगस्ट
साडूने कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन घेतलं. चौकातल्या डीलरकडून. डीलरने घरी आणून बसवलं, तेल घातलं, वर मेव्हणीला दोन तास चालवायला शिकवलं. ही माहिती बायकोने भाजी निवडताना दिली. तीनदा. दर वेळी चेहरा जास्तच खुलत होता.
मी जळत नाही. छातीत होतंय ती ॲसिडिटी आहे.

४ ऑगस्ट, दुपार
निश्चय: आपणही घ्यायचं, पण ऑनलाइन. डीलर हा मधला माणूस. साडूला माणसं लागतात, मला माहिती पुरते. चौसष्ट रिव्ह्यू वाचले. साडूचं चार धाग्यांचं आहे, मी पाच धाग्यांचं मागवलं.
शिवाय हॉस्पिटलच्या नर्सेसचे ऐंशी युनिफॉर्म आपल्याकडे शिवायला आलेत. ३१ तारखेला द्यायचे. वेळेत गेले तर दरवर्षीची ऑर्डर आपल्या दुकानाची. कटिंग मी, शिलाई बायको. मग बघू तिच्या तोंडी कोणाचं कौतुक असतं.
बिघडलं तर काय, असं तिने विचारलं. दोन वर्षांची कॅरी-इन वॉरंटी दाखवली. अर्थही सांगितला. कॅरी म्हणजे वाहणे, इन म्हणजे आत. कारागीर हत्यारं वाहून घरात आणतो. साडूच्या कार्डावर नुसतं ऑन-साइट आहे. म्हणजे तक्रार वेबसाइटवर टाइप करत बसा. साडूला तर स्वतःचा ईमेल आठवत नाही.
बायको पुन्हा शिवायला बसली. पटलं असावं.

९ ऑगस्ट
मशीन आलं. बसवून द्यायला कोणी नव्हतं, पण व्हिडिओ पाहून मी एकहाती बसवलं. चार स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देते, हे डीलर कधी करेल का? साडूला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. दुसरा शब्द नाही. बहुतेक मिरच्या झोंबल्या.

१२ ऑगस्ट
अकराव्या युनिफॉर्मला मशीनने शिवायचं सोडून कापड चावायला सुरुवात केली. टोल-फ्री नंबर लावला. माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं चाळीस मिनिटं सांगत होते. घरात इतकं कोणी सांगत नाही. ऐकून घेतलं.

१३ ऑगस्ट
साडूच्या मशीनची सुई तुटली. (आनंद.)

१३ ऑगस्ट, संध्याकाळी ६
डीलरचा मेकॅनिक अर्ध्या तासात स्कूटरवरून आला. सुई बदलली, आवाज येत होता तोही काढला, चहा पिऊन गेला. बायकोच्या मते किती मायाळू माणूस. मेकॅनिक मायाळू कशाला हवा? नऊ वर्षं मी तिच्या सुईत दोरा ओवून देतोय, मला हा शब्द कधी मिळाला नाही. तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुम्हीही मायाळू आहात, पण तुम्हाला काही दुरुस्त करता येत नाही.


१६ ऑगस्ट
कस्टमर केअरची मुलगी अखेर फोनवर भेटली. तिचं म्हणणं, कॅरी-इन म्हणजे मशीन आपण उचलून त्यांच्याकडे न्यायचं. मी तिला कॅरीचा आणि इनचा अर्थ समजावला. तिने आणखी काही मदत हवी का विचारलं. ऑन-साइट म्हणजे काय ते विचारलं. कारागीर घरी येतो म्हणे. या मुलीला कंपनीने नीट शिकवलेलं नाही.
सर्व्हिस सेंटरचा पत्ता मेसेजवर आला: चौकातला डीलर.
मरेन पण जाणार नाही. दुसरं सेंटर विचारलं. ते तीनशे किलोमीटरवर आहे. सोयीचं वाटलं.

१८ ऑगस्ट
बायको कापलेले सगळे तुकडे पोत्यात भरून तिच्या ताईकडे गेली. साडूच्या मशीनवर आमचे युनिफॉर्म. तात्पुरतं आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा घालणाऱ्याची वाट बघत मी बसणार नाही.
दुकानात दिवसभर पंख्याचा आवाज.

२१ ऑगस्ट
मशीन मांडीवर घेऊन सात तास बसमध्ये. सर्व्हिस सेंटरवाल्याने मशीन उघडलं आणि कोणी बसवलं म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. तर म्हणे, अधिकृत माणसाने बसवलं नसेल तर वॉरंटी लागू नाही. नियम कार्डाच्या मागे छापलाय. मी पुढची बाजू पूर्ण वाचली होती.
परत येताना मशीन जास्त जड लागलं.

२५ ऑगस्ट
बायकोला आणायला साडूकडे गेलो. दारातून दिसलं: दोघी बहिणी समोरासमोर, मशीन चालू, बायको कशावर तरी पोट धरून हसत होती. आमच्या दुकानात ती अशी हसलेली आठवत नाही. आत न जाता परतलो. वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

३१ ऑगस्ट, दुपारी ४
ऐंशीच्या ऐंशी युनिफॉर्म वेळेत गेले. मेट्रन खूश. पुढच्या वर्षीची ऑर्डरही तिथेच दिली, दोघी बहिणींच्या नावाने.
रिक्षात बायकोने सांगितलं की उद्यापासून ती ताईकडेच बसणार. तुम्हीही कटिंगला या, भाऊजींना विचारलंय, असंही म्हणाली. साडूला हेच हवं असणार. तो नक्की काय म्हणाला ते विचारलं. तिने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, माझ्याबद्दल, मशीनबद्दल, जिंकल्याबद्दल. तिने रिक्षाच्या भाड्याचे सुटे पैसे मोजले. मग म्हणाली, काहीच नाही, नुसतं ‘या’ म्हणाले.
महिनाभर मी त्या माणसावर जळलो आणि त्याला धूरसुद्धा लागला नाही.
उद्या नऊला जायचंय. माझी कात्री तिने सकाळीच तिकडे नेऊन ठेवली आहे.